डोक्याच्या तालमीलाही वस्ताद लागतो

मा. सदस्य, जिल्हा नियोजन समिती,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांस,

स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहतो. थोडी शेती आहे आणि गावची दूध डेअरी सांभाळतो. डेअरी म्हणजे एक पत्र्याची खोली, काटा, फॅट काढायचं मशीन, रजिस्टर आणि ३७ सभासद. दुधाच्या भावाबद्दल लिहायला बसलो तर वेगळं पत्र होईल, ते पुन्हा कधीतरी. आजचा विषय स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा आणि त्यात लागणाऱ्या डोक्याच्या सरावाचा आहे, पण तो मला कळला डेअरीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. धुळ्याला आयटीआय करत असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आधी भगत झाला, मग गंडेदोरे झाले, एक बोकडही गेला, आणि दीड वर्ष वाया घालवून आम्ही डॉक्टरकडे पोचलो. हे सगळं खान्देशातल्या बहुतेक घरांत असंच होतं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. गोळ्या लागू पडल्या. कानातले आवाज थांबले. शेजारचे आपल्या विहिरीत विष टाकतात हा संशय गेला. तो जेवायला लागला, झोपायला लागला, दाढी करायला लागला. आईने कानबाईला रोट केले. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग मी त्याला डेअरीत बसवला. आजारापूर्वी सुट्टीत घरी आला की रजिस्टर तोच लिहायचा. सगळ्या सभासदांचे खाते नंबर त्याला तोंडपाठ असायचे, दहा दिवसांच्या दुधाच्या पैशांची, ज्याला आम्ही पगार म्हणतो, त्याची बेरीज तो कॅल्क्युलेटरच्या आधी सांगायचा. तेव्हा काम त्याच्या हातचंच होतं.

सकाळी सहाला रांग लागते. सभासद किटली काट्यावर ठेवतो, मी नमुना मशीनला लावतो आणि मोठ्याने सांगतो, ‘बावीस नंबर, चार सहाशे, फॅट सहा दोन.’ एवढे तीन आकडे लिहायचे. धाकटा २२ लिहायचा आणि मान वर करायचा. ‘कितलं सांगं?’ मी पुन्हा सांगायचो. तो ४.६०० लिहायचा आणि फॅटच्या रकान्यावर पेन तसाच राहायचा. तोवर मागचा माणूस किटली पुढे सरकवायचा, त्याचा नंबर ओरडायचा, आणि याचा आधीचा आकडाही जायचा. हिवाळ्याच्या थंडीत बायाबापड्या किटल्या धरून उभ्या. कुणी हसायचं. कुणी म्हणायचं, राहू दे रे, दुसऱ्या कुणाला तरी बसव. एकदा एका म्हातारीचं दूध भलत्याच्याच खात्यावर चढलं आणि पगाराच्या दिवशी भांडण आमच्या ओट्यापर्यंत आलं.

त्या दिवशी मी त्याला नको ते बोललो. घरातही तेच चालू होतं. आई म्हणायची, पोऱ्या आयशी व्हई गया, म्हणजे पोरगा आळशी झाला. वहिनीचं म्हणणं, मुद्दाम करतो. माझं म्हणणं, लक्षच देत नाही. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘भाऊ, आकडा कानमा येस, पन हातलगून पोचस नही.’

त्यानंतर मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ज्याला ते वर्किंग मेमरी म्हणतात, म्हणजे ऐकलेली गोष्ट वापरून होईपर्यंत डोक्यात धरून ठेवायची ताकद, तिची याहून नेमकी व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही.

सन्माननीय सदस्यहो, या आजाराबद्दल बाहेर जे माहीत आहे ते आवाजांचं आणि संशयाचं. सिनेमावाल्यांनाही तेवढंच दिसतं. पण लक्ष लागणं, आठवणं, कामांची रांग लावणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखणं, या सगळ्यालाही हा आजार धक्का लावतो, आणि माणूस कामावर टिकतो की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं. यात नवीन काही नाही. जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला जे नाव दिलं होतं त्याचा अर्थच ‘तरुणपणी येणारा बुद्धिभ्रंश’ असा होता. ते नाव चुकीचं होतं. म्हातारपणच्या विस्मरणासारखी यात बुद्धी दरवर्षी झिजत जात नाही, आणि १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द आणला. पण क्रेपेलिन यांना जे दिसलं होतं ते खोटं नव्हतं. पुढे १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन आणि त्यामागून इतर औषधं आली. आवाज आणि भ्रम आटोक्यात यायला लागले, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. आजही औषधांचा परिणाम लक्ष आणि आठवणीच्या या दुसऱ्या भागावर फारच थोडा होतो. उलट हातांची थरथर थांबवायला जी गोळी जोडीला देतात तिने काहींची स्मरणशक्ती आणखी मंदावते. (हे वाचून कुणी ती गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरला विचारावं, एवढंच. आम्ही विचारलं, त्यांनी हळूहळू कमी केली.)

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी या अडचणीचे सात कप्पे पाडले आहेत. त्यात विचाराचा वेग, लक्ष, वर्किंग मेमरी, ऐकलेलं शिकणं, पाहिलेलं शिकणं, अडचण सोडवणं आणि माणसं ओळखून वागणं असे भाग येतात. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला डेअरीची रांगच दिसली. सातही गोष्टी तिथे सकाळी सहा ते आठ या दोन तासांत लागतात. दूध पातळ लागलं तर सभासदाला कसं सांगायचं, ही सातवी. ती मलाही नीट जमत नाही.

आता ज्यासाठी लिहितोय त्यावर येतो. या दुबळ्या झालेल्या ताकदींना सराव देता येतो. त्याला कॉग्निटिव्ह रेमिडिएशन म्हणतात. कुणी त्याचं मराठी ‘आकलन पुनर्वसन’ करतं. मी आमच्या लोकांना सांगताना डोक्याची तालीम म्हणतो, कारण तालीम म्हटलं की आमच्याकडे दुसरं काही समजवावं लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी, सोप्यापासून अवघडाकडे, थकेपर्यंत नाही पण घाम येईपर्यंत, आणि समोर वस्ताद.

आमची मोठी बहीण पुण्याला असते. धाकटा तिच्याकडे पाच महिने राहिला आणि तिथल्या एका केंद्रात आठवड्यातून तीन दिवस, तास-तासभर जायचा. मी सुरुवातीचे आठ दिवस सोबत होतो. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी त्याच्यासमोर वर्तमानपत्राचं पान ठेवलं आणि सांगितलं, यातले सगळे ‘क’ खोडा. मला हसू आलं. पुण्यापर्यंत येऊन हे? धाकट्याने पहिल्या दोन ओळी नीट केल्या, तिसरीपासून ‘क’ सुटायला लागले आणि अर्ध्या पानावर तो कपाळाचा घाम पुसत थांबला. ताई म्हणाल्या, आता प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून करून बघा. पट्टीने सुटलेले ‘क’ निम्म्याहून कमी झाले. मग त्यांनी विचारलं, ‘डेअरीत तुमची पट्टी कोणती?’

तो प्रश्न मला तेव्हा कळला नाही. नंतर लक्षात आलं की सगळा खेळ त्या प्रश्नात होता. कॉम्प्युटरवरचे खेळ होते, उलटे आकडे म्हणणं होतं, दहा वस्तूंची बाजाराची यादी गटागटाने लक्षात ठेवणं होतं. पण दर वेळी शेवटची पंधरा मिनिटं कागद आणि स्क्रीन बाजूला. आज काय केलं, कोणती युक्ती चालली, ती घरी आणि कामावर कुठे लागेल, यावर गप्पा. धाकट्याची युक्ती तिथेच तयार झाली आणि ती त्याने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिली आहे: ऐकलं, बोललो, लिहिलं, मग मान वर.

म्हणजे मी ‘चार सहाशे’ म्हटलं की तो मोठ्याने ‘चार सहाशे’ म्हणतो, लिहितो, आणि लिहून होईपर्यंत कुणाकडेही बघत नाही. मी एका दमात तीन आकडे सांगणं सोडलं. नंबर, लिटर आणि फॅट या तीन रकान्यांना तीन रंग दिले. काट्यासमोर एक वीट ठेवली, विटेच्या पुढे एका वेळी एकच किटली. रांगेतले लोक पहिले चार दिवस कुरकुरले. पाचव्या दिवशी एका मावशींनी स्वतःच मागच्याला दटावलं, ‘त्याचं लिहून होऊ दे की रे.’

चुका संपल्या असं मी लिहिणार नाही. पण पगाराच्या दिवशी ओट्यावर भांडण यायचं बंद झालं. सकाळचं संकलन आता तो लिहितो. संध्याकाळचं नाही, तोवर त्याचं डोकं थकलेलं असतं आणि ते त्याने स्वतःच ओळखून सांगितलं. महिन्याला मी त्याला पैसे देतो. पहिल्या पैशांतून त्याने आईला आखाजीला लुगडं आणलं. आई ते अजून नेसत नाही, ठेवून दिलंय.

एका घराच्या गोष्टीवर सरकारी पैसा मागू नये हे मला कळतं, म्हणून बाहेरचं सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या टिल वाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे ४० अभ्यास एकत्र तपासले, त्यात २,१०४ रुग्ण होते. इटलीतल्या अंतोनियो व्हिता यांच्या गटाने २०२१ मध्ये १३० अभ्यास आणि ८,८५१ रुग्णांचा हिशेब मांडला. दोन्हीकडे निष्कर्ष एकाच दिशेचा आहे: फायदा होतो. तो लहान ते मध्यम आहे, चमत्कार नाही, आणि आकलनासोबत रोजच्या कामकाजातही दिसतो. आवाज आणि भ्रमांवर याने फारसा फरक पडत नाही, त्यासाठी गोळ्याच. जो कुणी तुम्हाला सांगेल की या खेळांनी स्किझोफ्रेनिया बरा होतो, त्याचं कोटेशन परत पाठवा.

२०२१ च्या त्या तपासणीतल्या दोन गोष्टी खान्देशासाठी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, फायदा कुठे जास्त झाला? जिथे प्रशिक्षित माणूस समोर बसून शिकवत होता, जिथे नुसता सराव न करता युक्त्या ठरवून शिकवल्या, आणि जिथे हे सगळं पुनर्वसनाच्या इतर कामाला जोडलेलं होतं. म्हणजे वस्ताद, डाव आणि मैदान. दुसरी गोष्ट, कमी शिकलेल्या आणि आजाराची लक्षणं जास्त असलेल्या रुग्णांना फायदा अधिक दिसला. आपल्याकडे कुणी म्हणेल की हे शहरातल्या शिकल्यासवरल्या पोरांचं काम, आदिवासी पाड्यावरच्या किंवा चौथी शिकलेल्या माणसाला काय जमणार, तर त्याला हे दाखवा.

आणि यासाठी परदेशी मशीनच लागतं असंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत या विषयावर बरीच वर्षं काम चालू आहे. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांना घरी करता येईल अशा सरावावरचा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत आला. लक्ष वाढवायच्या त्यांच्या सरावांत मिसळलेलं धान्य निवडून वेगळं करण्याचाही एक प्रकार आहे. हे ऐकल्यावर आईने सूप पुढे ओढलं आणि म्हणाली, मग मी काय करत होते इतकी वर्षं! तिच्या सुपात दादर ज्वारी आणि उडीद एकत्र करून धाकट्याने दोन महिने निवडली आहे, घड्याळ लावून. कळण्याच्या भाकरीला ती पुन्हा एकत्रच दळायची होती हा भाग वेगळा.

मग घरीच का करत नाही, असं तुम्ही विचाराल. करून बघितलं म्हणूनच हे पत्र आहे. पुण्याहून आल्यावर पहिले काही महिने त्या ताई फोनवर विचारपूस करायच्या. मग त्यांनी नोकरी बदलली, बहीणही दुसऱ्या गावी गेली. मी वहीतला सराव घ्यायला लागलो. आठवडाभरात आमची भांडणं सुरू झाली. तो चुकला की ताई म्हणायच्या, ‘बरं, कुठे सुटलं ते बघू.’ मी म्हणायचो, ‘परत?’ मी त्याचा भाऊ आहे, मला राग येतो, आणि त्याला माझ्यासमोर चुकायची लाज वाटते. शिवाय कोणता सराव कधी अवघड करायचा, कधी सोडून द्यायचा, हे मला कळत नाही. कापसाच्या वेचणीत तर महिनाभर वही उघडलीच नाही. आता वही फडताळात आहे. ‘मान वर’ची युक्ती टिकली कारण ती रोज वापरात आहे, बाकीचं विरत चाललं आहे.

पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द मला आवडले. तिथे पुण्यात स्किझोफ्रेनियासाठी काम करणारी जी संस्था उभी राहिली तिच्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, धुळ्याशी नातं असलेले आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापकी केलेले. आपल्या मातीतल्या माणसाने पुण्यात जाऊन हे काम उभं केलं, आणि आपण अजूनही पुण्याचीच गाडी धरतो. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मी इथे मनोरुग्णालय मागत नाही. धाकट्याला कुठे ठेवायचं नाहीये, त्याला सहा वाजता डेअरीत यायचं आहे.

किती लोकांचा प्रश्न आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जगभराचा ठोकताळा दर ३०० माणसांमागे १ असा दिला होता. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४२ लाख, धुळ्याची साडेवीस लाख आणि नंदुरबारची साडेसोळा लाख होती. ढोबळ भागाकार केला तर तिन्ही जिल्हे मिळून २६ हजार माणसं होतात. मोजणी झालेली नाही, हा माझा डेअरीतला हिशेब आहे. पण निम्मा धरला तरी तेरा हजार घरं, आणि त्यातल्या बहुतेक घरांत कुणीतरी कुणालातरी आत्ता ‘आळशी’ म्हणत असेल.

कायदा आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये गोळ्या आणि ओपीडीबरोबरच समाजात राहून होणारं पुनर्वसन आणि घरी येऊन केलेलं पुनर्वसन हाही हक्कांत धरलेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ अपंगत्वांत मानसिक आजार मोजतो. त्याचं प्रमाणपत्र देताना ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी लावतात. त्यात स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि समज, आणि काम असे चार भाग आहेत. पट्टी चांगली आहे, पण ती लावायला वेळ द्यावा लागतो. आम्ही प्रमाणपत्रासाठी गेलो तिथे (कुठे ते लिहीत नाही, माणसं बदलली असतील) धाकट्याला नाव, गाव आणि आजचा वार विचारला. त्याने तिन्ही बरोबर सांगितले. ‘चांगला तर आहे’ म्हणून फाइल बाजूला. एका वेळी एक प्रश्न आणि मागे रांग नाही, अशात तो चांगलाच असतो. त्यांनी त्याला तीन आकडे सलग सांगायला हवे होते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. आपल्या जिल्ह्यांतही त्याची माणसं गावोगाव फिरतात, त्यांच्यामुळे गोळ्या मोफत मिळतात, याबद्दल मनापासून आभार. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीच्या नंबरवर फोन केला तर मराठीत बोलणारं माणूस भेटतं, तेही चांगलं. पण फोनवर कुस्ती शिकता येत नाही.

म्हणून मागणी अशी आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष असतं. त्यातून तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी एका उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात, जिथे एसटी थेट जाते अशा ठिकाणी, एक खोली द्या. आठवड्यातून तीन दिवस. सकाळी अकरानंतर, कारण रात्रीच्या गोळ्यांची गुंगी असते आणि पहिली एसटी बऱ्याच शुभार्थींना पकडता येत नाही. त्या खोलीत एक प्रशिक्षित माणूस. मानसशास्त्रज्ञ मिळाला तर उत्तम, नाही तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मनोविकार शाखेची परिचारिका किंवा सामाजिक कार्यकर्ता, पण त्याला हे काम शिकून यायला लावा आणि वरून कुणीतरी अनुभवी माणूस महिन्याला त्याची विचारपूस करेल अशी सोय ठेवा. सहा-आठ शुभार्थींचा गट, तीन-चार महिन्यांची फेरी. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी चाचणी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. आकडे चांगले आले नाहीत तर योजना बंद करा, मी पहिला येऊन सांगेन की बंद करा.

एक विनंती मात्र हात जोडून. मार्चअखेरीला खर्च दाखवायचा म्हणून पन्नास टॅब घेऊन कपाटात कुलूप लावायचे असतील, तर हे पत्र वाचलंच नाही असं समजा. आमच्या गावात हिरव्या-पिवळ्या रंगाची ओपन जिम आहे. पहिल्या महिन्यात पोरं लोंबकळली, आता तिच्यावर गोधड्या वाळतात. लोखंडाचा दोष नाही, शिकवायला कुणी नव्हतं. तालमीत आधी वस्ताद बघतात, मग हौदा.

आणि या खोलीला एक दार कामाच्या दिशेने हवं. अमेरिकेत सुझन मॅकगर्क यांनी नोकरी मिळवून देण्याच्या मदतीसोबत हा सराव जोडून पाहिला. नुसती नोकरीची मदत मिळालेल्यांपेक्षा या लोकांनी जास्त आठवडे काम केलं आणि जास्त कमावलं. तिकडे कोण कुठे लागलं मला माहीत नाही, पण आपल्याकडे जिनिंग आहेत, दालमिल आहेत, केळीची पॅकहाउस आहेत, बाजार समित्या आहेत, आणि डेअऱ्या तर गावोगाव. तुमच्यातले कितीतरी सदस्य स्वतः यातल्या एखाद्या धंद्यात आहात. दिवसाला तीन-चार तासांचं, एकाच प्रकारचं, शांत कोपऱ्यातलं काम प्रत्येकाकडे असतं. त्या खोलीतल्या माणसाने येऊन तुमचं काम बघावं, आमच्या डेअरीत जशी वीट ठेवली तशी तुमच्याकडे कुठे ठेवायची ते सांगावं, आणि पहिले काही आठवडे येत-जात राहावं. मुकादमाला दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतील. एका वेळी एकच सूचना, आणि चुकला तर सगळ्यांसमोर बोलायचं नाही. खरं तर हे सगळ्याच मजुरांना लागू करायला हरकत नाही.

नंदुरबारबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून आठवड्यात तीनदा कुणी तालुक्याला येऊ शकणार नाही. तिथे ती खोली फिरती ठेवावी लागेल, आणि सराव भिली-पावरीत घ्यावा लागेल. ‘क’ खोडायचं पान तिथे कामाचं नाही. धान्य, मणी, बिया कामाच्या. हे तिथल्या पाड्यांवरच्या आशा सेविका माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, त्यांना बैठकीला बोलवा.

हे पत्र मी धाकट्याला वाचून दाखवलं. त्याने दोन ठिकाणी खोडायला लावलं. एका ठिकाणी मी ‘बिचारा’ लिहिलं होतं. दुसरं काय होतं ते सांगत नाही. बाकी सगळं छापायला त्याची हरकत नाही, फक्त नाव आणि गाव नको म्हणाला, म्हणून माझंही नाव खाली नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाला दिलेल्या प्रतीवर पूर्ण नाव, पत्ता आणि फोन आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घेणार असाल तर आम्ही दोघंही यायला तयार आहोत. वही घेऊन येऊ, रजिस्टरही आणू. आजाराआधीचं, मधलं आणि आताचं, तिन्ही रजिस्टरांची पानं शेजारी ठेवली की अक्षरावरून आणि खाडाखोडीवरून बरंच दिसतं. फक्त बैठक सकाळची ठेवू नका. संकलन आठला संपतं, टँकर साडेआठला येतो, आणि धाकट्याला टँकर गेल्याशिवाय जागा सोडवत नाही. साडेदहानंतर कधीही बोलवा.

आपला नम्र,
एक शुभंकर, ता. अमळनेर, जि. जळगाव